इतर हक्कांचा रकाना

साइन-ऑफ दुपारी दोनला होता. साइन-ऑफ म्हणजे गिऱ्हाइकाने सॉफ्टवेअर तपासून सही करायची. एकदा सही झाली की फॉर्ममधला एक रकाना हलवायलाही महिने लागतात. आणि अकरा वाजता लुर्डेसबाई खुर्चीतून उठून म्हणाल्या, "मी सही करणार नाही."

२००३ साल, अमेरिकेतलं बेलव्ह्यू. आमची छोटी कंपनी सरकारांसाठी जमिनीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवायची. हे सरकार जेमतेम वर्षाचं होतं. देशाचं नाव करारामुळे सांगता येत नाही. स्वातंत्र्याच्या धामधुमीत तिथलं जमीन-दफ्तर जाळलं गेलं होतं. त्या दफ्तरात वीस वर्षं कारकुनी केलेल्या लुर्डेसबाई आता नव्या खात्याच्या प्रमुख होत्या. सोबत त्यांच्या सरकारचे परदेशी अर्थसल्लागार, डॉ. कार्ल. माणूस हुशार, आधी तीन नव्या देशांत काम केलेला. त्यांचं सूत्र सोपं होतं: एक तुकडा, एक मालक. नोंद सुटसुटीत असली की बँका कर्ज देतात, बाहेरचे उद्योग येतात.

फॉर्म माझा होता. माझे वडील तलाठी, त्यामुळे सातबारा मी लहानपणापासून पाहिलेला. पहिल्या मसुद्यात मी सवयीने 'इतर हक्क' हा रकाना ठेवला होता. जमीन एकाची असते, पण तिच्यातून जायची वाट दुसऱ्याची, विहिरीचं पाणी तिसऱ्याचं. ते सगळं तिथे लिहितात. डॉ. कार्लनी त्यावर शेरा मारला, 'अडगळ'. मी मुकाट्याने रकाना डिलीट केला. खरं सांगते, थोडी लाजच वाटली होती. एवढं अमेरिकेत येऊन मी तलाठ्याचं दप्तर उघडून बसले होते!

माझा मॅनेजर अभय पुण्याचा. तो कुजबुजला, "मेधा, यार, काल तर सगळं अप्रूव्ह केलं होतं ना त्यांनी?"

लुर्डेसबाई व्हाइटबोर्डकडे गेल्या. एक वाकडातिकडा चौकोन काढला, त्यात एक ठिपका.

"ही माझी जमीन. हा झरा. वरच्या वस्तीतली अकरा घरं इथून पाणी नेतात." त्यांचं इंग्रजी सावकाश होतं. अकराही घरांची नावं त्यांनी न अडखळता लिहिली. "जळालेल्या रजिस्टरात ही नोंद होती. तुमच्या फॉर्ममध्ये ती कुठे लिहू?"

"लिहायची गरजच नाही," डॉ. कार्ल म्हणाले. "झरा तुमच्या जमिनीत आहे, म्हणजे तुमचा. मॅडम, यात तुमचा फायदाच आहे."

"म्हणूनच सही करत नाही."

त्यांनी झऱ्याच्या ठिपक्याभोवती एक गोल काढला.

"आमचं दफ्तर वरच्या वस्तीतल्या लोकांनी जाळलं," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा फार राग आहे. झरा माझ्या एकटीच्या नावावर झाला, तर एक दिवस मी तो त्यांना बंद करीन. मी स्वतःला ओळखते. तो दिवस येण्याआधी हे लिहून ठेवायला हवं."

डॉ. कार्लनी चष्मा काढला. "आणि त्यांनी तुमचे हक्क मानले नाहीत तर?"

"तो त्यांचा प्रश्न. नवं रजिस्टर लिहिणं माझ्याकडे आहे."

देश कसा उभा करायचा यावरची प्रेझेंटेशन्स मी तीन दिवस ऐकत होते. इथे एक बाई हातात मार्कर घेऊन तो उभा करत होती, आणि पहिली वेसण स्वतःलाच घालत होती.

"रकाना होता," माझ्या तोंडून निघून गेलं. "मी काढला."

अभयने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी एच-वनवर, नोकरी गेली तर व्हिसाही गेला.

डॉ. कार्लनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या शेऱ्यामुळे?"

"हो."

"परत घालायला किती दिवस?"

"टेस्टिंग धरून चार."

त्यांनी बोर्डावरची अकरा नावं एकेक करून वाचली. मग म्हणाले, "घाला. तोवर आम्ही थांबतो."

साइन-ऑफ पुढच्या आठवड्यात झाला. नोकरी टिकली. अभय दोन दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलला.

दीड वर्षाने लुर्डेसबाईंनी पहिला छापील उतारा स्कॅन करून पाठवला. जमीन त्यांचीच. इतर हक्कांत अकरा घरं, त्याच क्रमाने. खाली अधिकारी म्हणून सही, त्यांचीच. मला रडू आलं.

त्या रविवारी वडिलांना फोनवर उतारा वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "बाई खरी. पण फेरफार क्रमांक कुठाय?"

फेरफार म्हणजे नोंद कधी, कशामुळे झाली याची वेगळी नोंद. तिचा क्रमांक नसेल, तर उद्या नवा अधिकारी येऊन ती अकरा नावं पुसेल, आणि ती कधी होती हेही कळणार नाही.

तेव्हापासून कुठलाही रकाना अडगळ वाटला, की काढण्याआधी मी विचारते, हा कोणाला आवरायला ठेवला होता?

फोनच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी अभयच्या केबिनमध्ये गेले. फेरफार क्रमांकाचा रकाना मागणारी माझ्या हातातली चेंज रिक्वेस्ट बघून तो म्हणाला, "आता कोण सही करत नाहीये?"

"बाबा," मी म्हटलं.