बोटं उमटलेली भाकरी

नगरहून निघालेली जामखेडची एसटी भिंगार सोडते, मध्येच बीड जिल्ह्यात शिरते आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यात येते. मी निघालो होतो तो निव्वळ खादाडपणापायी. पुण्यात मिळणारी ज्वारीची कडक भाकरी जिथं होते, ते गाव एकदा बघायचं होतं. जामखेडला वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) धरली आणि गप्पांच्या नादात एक फाटा पुढं जाऊन उतरलो. मग बसा चालत! दोन्ही बाजूंना काळंभोर रान, नुकतीच पेरलेली ज्वारी, मागं बालाघाटाचे डोंगर. एवढं मोठं आभाळ कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडमध्ये दहा बायका भाकरी थापत होत्या. हा उद्योग उभा करणाऱ्या मुमताजभाभींनी आधी पाणी दिलं, मग गरम भाकरी आणि ठेचा.

"ह्यो आमचा शिक्का," त्या म्हणाल्या. भाकरीवर थापणारीची बोटं उमटली होती. पुडक्यावर छापलं होतं, 'हातानं थापलेली'.

माझी दुसरी भाकरी चालू असताना पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. भाभींनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. दिवाळीनंतर त्याला दुप्पट माल हवा होता.

"मशीन मी पाठवतो," तो म्हणाला. "भाकरी मशीनवर दाबा, वरून बोटं उमटवा. पुडकं तेच ठेवा. जमत नसेल तर मी दुसरीकडे बघतो. मग तुमच्याकडून आत्ताच्या निम्माच माल घेईन."

फोन बंद झाला तसा थापण्याचा आवाजही थांबला.

"बोटं उमटवायला काय जातंय, भाभी?" छाया नावाची तरुण बाई म्हणाली. "काम निम्मं झालं तर माझा कोयता हायेच."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवराबायकोचं जोडपं. पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहायचं. या शेडमुळे दोन वर्षं छायाचं ते टळलं होतं.

उमटवा की बोटं, मी मनात म्हटलं. मला चव तीच लागणार होती.

भाभी पिठाकडे बघत बसल्या. "तुला फडात धाडलं तर ते माझ्या माथी. खोटं छापलं तर तेबी माझ्याच. मी काय करू, तूच सांग."

छायानं समोरची अर्धवट भाकरी थापून पुरी केली, तव्यावर टाकली आणि हाताकडे पाहत म्हणाली, "न्हाई भाभी. बोटं माझी, आन् त्या बोटांनी खोटं बोलायचं? मशीनची तर मशीनची म्हना."

भाभींनी लगेच फोन लावला. मशीन चालेल, पण पुडक्यावर तसं छापू, म्हणाल्या. दुकानदारानं नकार दिला. एवढं गमावूनही दोघी पुन्हा कामाला लागल्या. मी थक्क होऊन बघत राहिलो. ठेच्याचं निमित्त करून डोळे पुसले.

दिवाळीनंतर पुण्यात त्याच दुकानात पुडकं घेतलं. भाकरीवर बोटं होती. राहवेना म्हणून भाभींना फोन केला.

"ती पुऱ्या मालाची शेवटची खेप, आता निम्माच जाणार. त्यात छायाच्या हातच्याबी हायेत," त्या म्हणाल्या. "गेली ती कोयत्यावर. मी काम वाटून घेऊ म्हनले, तर म्हनली, ज्यांची लेकरं अंगावर हायेत त्यांना ऱ्हाऊ द्या."

भाकरीवरच्या खुणांवर मी माझी बोटं ठेवून पाहिली. ती बोटं माझ्याहून बारीक होती. घास काही तोडवेना. उमटवा की, असं मीही म्हटलं होतं.