चढावरचा ताप

गळका रेडिएटर कथिलाचा डाग देऊन सांधणाऱ्या बाईंना सगळे ड्रायव्हर वहिनी म्हणत. नवऱ्यानं वडिलांच्या दुकानाकडे पाठ फिरवून कारकुनी धरली, तेव्हा सासऱ्यांनी वैतागून सुनेलाच विचारलं होतं, "तू बसतेस का गं?" त्या बसल्या, त्या बावीस वर्षं उठल्याच नाहीत. जाळीतलं बारीकसं छिद्रही त्यांच्या बोटांना सापडे.

पण अलीकडे धंद्याला ओहोटी लागली होती. नव्या गाड्यांचे रेडिएटर गळले की लोक फेकून देत. डाग देऊन घ्यायला येणार कोण? नणंदेनं त्यांच्यासाठी कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायचं काम बघून ठेवलं होतं. "शनिवारपर्यंत हो की नाही सांग, वहिनी. पंख्याखाली बसून काम, हात काळे व्हायला नकोत," ती म्हणाली होती.

त्याच आठवड्यात लंबू आला. सहा फुटांच्या वर उंची, खडीचा ट्रक चालवायचा, आणि चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, हा रेडिएटर काढा आणि नवा बसवा. मला काही विचारू नका."

"विचारणार तर आहेच. होतंय काय?"

"रिकामी गाडी दिवसभर फिरवा, तापाचा काटा हलत नाही. माल भरून घाटाचा चढ चढायला लागलो की अर्ध्यावर काटा लाल. थर्मोस्टॅट बदलला, पट्टा बदलला, नाक्यावरच्या थोरल्या मिस्त्रीनं पाण्याचा पंपही बदलला. आता म्हणतो, रेडिएटरच गेलाय."

नवा विकला असता तर दोन पैसे वहिनींनाच मिळाले असते. पण त्यांनी जुना खाली उतरवला, वरून पाणी ओतलं. खालून धो धो धार लागली. जाळीत ना कचरा, ना गळती.

"हा ठणठणीत आहे. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुझं."

"मग म्हैस कुठाय?"

"ते इथे उभ्या गाडीत नाही कळायचं. रेडिएटर परत बसवून देते. उद्या माल भरून ये, मी येते बरोबर."

बोलून तर गेल्या, पण सकाळी केबिनमध्ये चढताना त्या पायरीवरच थबकल्या. थोरल्या मिस्त्रीला जे सापडलं नाही ते आपल्याला सापडणार होतं का? नाही सापडलं तर चार ड्रायव्हर चार दिवस हसणार.

चढ लागला. गाडी कण्हत कण्हत वर निघाली. तिसऱ्या वळणावर काटा सरकू लागला, पाचव्यावर लालला टेकला. लंबूनं रुंद जागा बघून गाडी थांबवली आणि किल्लीला हात घातला.

"बंद करू नकोस!" वहिनी ओरडल्या. "ब्रेक ओढून ठेव. मी सांगते तेव्हाच रेस दे."

खाली उतरून त्यांनी चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला कोणी हात लावू नये म्हणून त्यावर फडकं टाकलं आणि वाकून खालच्या रबरी पाइपाकडे डोळे लावले. पाइप छान गोल होता.

"दे रेस!"

इंजिन गरजलं, आणि पाइपाचे गाल एकदम आत गेले. चपटा, पार चपटा!

"सोड!"

पाइप पुन्हा गोल. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. वहिनींना हसू आवरेना. लंबूला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं.

"अरे, पंप याच पाइपातून पाणी ओढतो. तापून रबर मऊ पडलं की जोराच्या ओढीनं ते मिटतं, आणि पाणी जेव्हा सगळ्यात जास्त हवं तेव्हाच अडतं. आत तारेची स्प्रिंग असते, ती त्याला मिटू देत नाही. हा पाइप कधी घातला?"

"पंप बदलताना. मिस्त्री म्हणाला, नवा घालूनच टाकू."

"जुन्यातली स्प्रिंग काढून यात घालायची राहिली त्याची. चुकतो माणूस."

इंजिन निवेपर्यंत थांबून त्यांनी गाडी सावकाश वर नेली, माल उतरवला. दुपारी स्प्रिंगवाला पाइप बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून लंबूचा फोन आला. तो इतका ओरडत होता की वहिनींनी फोन कानापासून लांब धरला. "मधोमध! वहिनी, काटा मधोमध! आठ टन आहेत मागे!"

जेवताना सासऱ्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं; एकदा कमी ऐकू येतं म्हणून आणि एकदा आवडलं म्हणून.

"नवा रेडिएटर विकला असतास तर?"

"तरी गाडी तापलीच असती, बाबा."

"मग नुसता डाग देत काय बसलीस? दुखणं शोधायचं काम घे. लोक त्यासाठी येतील."

वहिनींनी त्याच संध्याकाळी नणंदेला नाही म्हणून कळवलं. ती दोन दिवस फुगून बसली, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नवऱ्याची तापणारी मोटार पाठवून दिली. लंबूनं खाणीवर तोंडभरून सांगितलं होतंच. आठवड्यात चार गाड्या आल्या. त्यांतल्या एकीच्या पंख्याची पाती उलटी बसवलेली निघाली.

आणि एका सकाळी थोरला मिस्त्री स्वतः ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला. घसा खाकरला, टोपी सारखी केली, उगाच टायरला लाथ मारली.

"वहिनी, तीन दिवस डोकं फोडतोय. नांगराला जुंपला की तापतो. जरा बघता का?"

वहिनींनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा, दादा. आधी सांगा, तुम्ही काय काय बघितलंत?"