टाकीतला मासा

आमच्या बुरुल्लुस सरोवराकाठी कुणी म्हणालं, "हे पाण्यात घाला, मासे धष्टपुष्ट होतील," तर आम्ही एकच विचारतो, "त्या पाण्यातला मासा तू खाल्लास का?" खाऊन दाखवल्याशिवाय इथे सौदा होत नाही. आमची सगळी तळी एकाच कालव्यावर. एकानं घाण ओतली की सगळ्यांच्याच गळ्याशी येतं.

वगीदा माझी शेजारीण. तोंडानं फटकळ. पण बहीण वारल्यावर तिच्या मुलाला, हैथमला, पोटच्या पोरासारखं वाढवलं; तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. तो माशांचा डॉक्टर झाला, तेव्हा बाईनं गल्लीभर भाजलेले बुल्ती मासे वाटले.

गेल्या वर्षी त्यानं तिच्याच अंगणात काचेच्या टाक्या मांडल्या. एकीत साधं पाणी, बाकीच्यांत चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं औषध, कमीजास्त. साध्या पाण्यातले मासे मजेत होते. औषधातले वर येऊन तोंड वासायचे, मग उलटे तरंगायचे. अगदी थोडं औषध असलेल्या टाकीतले तेवढे कसेबसे तगले.

"खाला, याचा थेंबही तळ्यात जाऊ देऊ नकोस," हे त्याचेच शब्द. मी तिथेच उभा होतो.

परवा हाच पठ्ठ्या औषध विकणाऱ्या एका कंपनीच्या गाडीतून उतरला. औषध तेच, बाटली नवी. वगीदाच्या अंगणात आम्हा सगळ्यांना जमवून बिनदिक्कत म्हणतो कसा, "रोग जातो, माशाला काही होत नाही. माझ्या खालाच्या अंगणातच तपासलंय."

संताप आला मला. तिच्या नावावर लोकांनी बाटल्या उचलल्याही होत्या.

वगीदा अंगणात अजून तशीच असलेल्या त्या थोड्या औषधाच्या टाकीपाशी गेली. त्या तगलेल्यांतला एक मासा तिनं काढला, कोंड्यात घोळवला, निखाऱ्यावर भाजला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"खा, बाळा. तुझ्याच टाकीतला आहे."

"पोट बरं नाही गं, खाला."

"माझ्या हातचं खाताना तुझं पोट कधी बिघडलं रे?"

त्यानं ताटली हळूच बाजूला सारली. लोकांनी बाटल्या परत गाडीत ठेवल्या.

वगीदानं तो मासा मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून पुरला. हात झटकत हैथमसमोर आली.

"घास उचलला असतास, तर मीच तो हातातून काढून घेतला असता," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, पोराला कुणीतरी फसवलंय. तुला तर सगळं ठाऊक आहे."