नखाला लागणारी सुरकुती

आमच्या नातसुनेला गल्लीत सगळे भिंगवाली म्हणतात. किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी तिचं एवढंसं दुकान आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्यांची जुनी कार्डं ती विकते. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची माहिती. पूर्वी ही कार्डं च्युइंगगमच्या पुड्यातून फुकट यायची. आता त्यांना सोन्याचा भाव आलाय, म्हणून नकलांचाही सुळसुळाट. कुणी कार्ड तपासायला आणलं की ही आधी स्टूल पुढे करते, मग भिंग काढते. उभ्या माणसाला वाईट बातमी देऊ नये म्हणते.

ती पहिल्यांदा घरी आली ती नातवाबरोबर, लग्नाला परवानगी मागायला. परवानगी म्हणजे आमच्या ह्यांची. माझी नातवाने आधीच लाडीगोडी लावून घेतली होती. हे मात्र गाल फुगवून बसलेले. कार्डं विकणं हे काय काम झालं, असं त्यांचं म्हणणं.

चहा झाला तसे हे उठले आणि कपाटातून चष्म्याचं जुनं घर घेऊन आले. त्यात ह्यांचं कार्ड असतं. लहानपणी पुड्यात निघालं, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. आलेला पाहुणा ती ऐकल्याशिवाय सुटत नाही.

"एवढी पारखी आहेस ना, मग हे बघ," हे म्हणाले.

नातू माझ्या मागे स्वयंपाकघरात आला. "आजी, ती अस्सलच म्हणेल ना?"

"मला काय विचारतोस? तू ओळखतोस तिला."

"म्हणून तर विचारतोय."

तिने कार्ड खिडकीपाशी नेलं. भिंग लावलं. कोपऱ्यातल्या सुरकुतीवरून नख फिरवलं, परत फिरवलं.

"आजोबा, खरं सांगू?"

"मग काय, मला खूश करायला आलीस?"

खरं तर बिचारी त्यासाठीच आली होती. पण म्हणाली, "रीप्रिंट आहे."

नातवाने डोळेच मिटले.

"हे बघा," तिने भिंग ह्यांच्या हातात दिलं. "फोटो ठिपक्यांचा असतो, ते ठीक. पण नावाची अक्षरं या कार्डांवर सलग शाईची असायची. इथे अक्षरांतही ठिपके आहेत. म्हणजे कुणीतरी अख्ख्या कार्डाचाच फोटो काढून छापलाय. मूळ कार्डाला सुरकुती होती, तीही छापली गेली. डोळ्यांना दिसते, नखाला लागत नाही."

ह्यांनी नख फिरवून बघितलं.

"पण आजोबा, मग पुड्यातून..." नातवाने तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

हे कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिले. मला वाटलं, फिसकटलं लग्न. शेवटी म्हणाले, "पुड्यातलं कार्ड लहानपणीच हरवलं. हे नोकरी लागल्यावर जुन्या बाजारातून घेतलं. विकणारा अस्सल म्हणाला. मग सांगता सांगता मलाच वाटायला लागलं, की हे तेच."

"आणि मला काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सुरुवात तुझ्यापासूनच झाली. तुझ्यावर छाप पाडायची होती."

ती हसली नाही. म्हणाली, "विकणारा हुशार होता, आजोबा. जुनं दिसावं म्हणून कडा चहात बुडवल्यात."

"कशावरून?" ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दाखव."

मी ताटं वाढली तरी दोघांची डोकी त्या एका कार्डावर. नातू शेवटी म्हणाला, "आजोबा, आमच्या लग्नाचं?"

"थांब रे, बघतोय ना." मग मान वर न करताच म्हणाले, "करा की. या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस हवं."

आता हे रोज दुपारी तिच्या दुकानात बसतात. ह्यांचं कार्ड काउंटरवर असतं. नवीन गिऱ्हाइकाला आधी ते दाखवायचं आणि आपण कसे फसलो ते रंगवून सांगायचं. ऐट पूर्वीचीच. फसून आलेली माणसं रडवेली येतात आणि ह्यांची गोष्ट ऐकून हसत जातात, असं ती सांगते.

परवा घरी येऊन ह्यांनी मला स्टूल दिलं. मी म्हटलं, झालं, काहीतरी वाईट बातमी दिसतेय. तर खिशातून भिंग काढून माझ्या गालाला लावलं आणि हळूच नख फिरवलं.

"लागते," म्हणाले. "अस्सल आहेस."