सुलभाताईंच्या स्वयंपाकघरातला लाल दिवा

त्या शनिवारी ऑफिसातून घरी आले तर दारात सुलभाताई उभ्या... डोळे रडून लाल झालेले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरला राहायचो, मी नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ठाण्याला एका कंपनीत लागलेले. तळमजल्यावरच्या सुलभाताई आणि त्यांचे मिस्टर, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आमचं बोलणं खुणांनी, नाहीतर पाटीवर लिहून.

त्यांना मुलगी झाली तेव्हा मी मोठ्या उत्साहात एक डबी बनवून दिलेली. ती बाळाच्या खोलीत, आत माइक... बाळ रडलं की वायरच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरात, लाल दिवा लागायचा. सगळ्या बिल्डिंगमध्ये माझं कौतुक!

पण आठवड्याभरात दिवा उगाचच लागायला लागला. ताई हातातली पोळी टाकून धावायच्या, तर बाळ गाढ झोपलेलं... असं दहादा झाल्यावर त्या दिव्याकडे बघेनाशा झाल्या.

आणि नेमकं त्या शनिवारी बाळ खरंच रडत होतं. दिवा लागलेला, ताई पाठ फिरवून भाजी चिरत होत्या. तेवढ्यात आंबिवलीहून त्यांच्या सासूबाई आल्या, दार लोटून आत जाऊन बघतात तर पोर रडून रडून निळी पडलेली.

सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. मी ताईंबरोबर खाली गेले तशा मला म्हणाल्या, "अगं, तुझं यंत्र राहू दे. चालायला लागेपर्यंत पोरीला मी आंबिवलीला नेते. उद्याच."

मी म्हटलं, "आजी, उद्या दुपारपर्यंत थांबा. मी दुरुस्त करते." आवाजात कॉन्फिडन्स भरपूर होता... बिघाड कशामुळे ते माहीत नव्हतं तरी!

रविवारी सकाळीच सोल्डरिंग गन घेऊन खाली गेले. ट्रान्झिस्टर बदलला, वायरिंग तपासलं. माइकचा जोर कमी केला तर बाळ रडलं तरी दिवा लागेना. वाढवला की पुन्हा पहिल्यासारखं.

अकराच्या सुमारास दिवा लागला. बाळ झोपलेलं, घरात कोणी बोलत नव्हतं. मी डबी पुन्हा उघडायला घेतली...

तेवढ्यात सुलभाताईंनी माझा हात धरला आणि डबीशेजारी भिंतीवर टेकवला. भिंत बारीक थरथरत होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पंप.'

पाण्याचा पंप त्या भिंतीच्या पलीकडेच होता. त्याचा आवाज मलाही येत होता... पण इतका सवयीचा की मी तो ऐकतच नव्हते. शिवाय मी नेहमी ऑफिसनंतर तपासायला यायचे, तेव्हा पंप बंद असायचा. ताईंना मात्र तो रोज तळपायांतून कळत होता... मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

डबी मी खिळ्यांनी भिंतीला ठोकून बसवलेली. ती काढली, एका स्टुलावर स्पंजचा जाड तुकडा ठेवला, त्यावर डबी ठेवली. पंप चालूच होता... दिवा विझला, तो विझलेलाच राहिला.

थोड्या वेळानं बाळ भुकेनं जागं झालं. पहिल्याच टाहोला दिवा लागला आणि ताई आत धावल्या.

सासूबाई स्वयंपाकघरातच बसून होत्या. पंप बंद होऊन दुपारी पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी दिव्यावरची नजर काढली नाही. तरीही दिवा लागला नाही, तेव्हा उठल्या, नातीसाठी भरलेली पिशवी रिकामी केली, झबली एकेक करून परत कपाटात ठेवली. संध्याकाळी आंबिवलीला एकट्याच गेल्या.

जाताना सुनेच्या गालावरून हात फिरवून मला म्हणाल्या, "हिला सांग, माझं चुकलं."

मी पाटीवर लिहिलं. ताई वाचून कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या.

पुढे कंपनीत फॉल्ट शोधण्यात माझं बऱ्यापैकी नाव झालं. मशीन बिघडलं की आधी ते रोज वापरणाऱ्या माणसाला विचारायचं, ही सवय मला त्या रविवारी लागली. कुणी शिकवली हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आज लिहिलं... सुलभाताई, थँक्यू.