मीटरकाका आणि बत्तीस जीबी

मीटरकाका माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात पहिल्यांदा आले ते टीव्हीला जोडून गेम खेळायचा जुना कन्सोल टॉवेलात गुंडाळून. म्हणाले, ह्याची मेमरी वाढवून द्या. मला हसू आवरेना. अहो, माणसाचं पोट वाढतं, कन्सोलची मेमरी नाही वाढत. ती आत बोर्डावर सोल्डर करून कायमची चिकटवलेली असते, दिली तेवढी जन्मभर पुरवायची.

बत्तीस वर्षं घरोघरी विजेची मीटरं वाचलेला माणूस. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा जहाजावर इंजिनियर. सुट्टीत बापलेक ह्याच कन्सोलवर गाव वसवायचा गेम खेळायचे. आता त्याचा नवा भाग आला होता आणि तो जुन्या कन्सोलला झेपत नव्हता. मुलगा दूरच्या बंदरातल्या खोलीवर होता, रोज आपल्या लॅपटॉपवर नवं गाव बांधत होता. महिनाअखेरीच्या शनिवारी दुपारी त्याचं जहाज सुटणार, मग आठ महिने ना गेम ना धड फोन. त्याआधी एकदा नेटवरून पोराच्या त्या गेममधल्या गावात जाऊन यायचं, एवढंच काकांचं म्हणणं.

मी त्यांना एक वापरलेला कॉम्प्युटर बघून दिला. मेमरी आठ जीबी होती, ती सोळा केली आणि गेम घरी नेटवरून उतरवून घ्या म्हणालो. आठवड्याने स्वारी कॉम्प्युटर घेऊन पुन्हा हजर. गेम सुरूच होत नाही म्हणे. माझं डोकं तापलं. मेमरीच कमी पडत असणार, असं धरून मेमरीच्या दोन पट्ट्या काढून दोन मोठ्या बसवल्या आणि म्हणालो, घ्या बत्तीस, आता अख्खं शहर वसवा. स्क्रीनवर नेमकं काय येतं, हे मी शहाण्याने विचारलंच नाही.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला, गेम अजून सुरू होत नाही. आवाज एवढासा. शेवटी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेलो.

घर कसलं, सगळं चिडीचूप. एक खुर्ची टेबलाशी, दुसरी भिंतीला टेकवून ठेवलेली. कॉम्प्युटरचं सोडून भिंतीवरची सगळी बटणं बंद, प्लगसुद्धा उपसून ठेवलेले. काका चहा ठेवायला उठले आणि जाता जाता कॉम्प्युटरचं बटण खटकन बंद केलं. मी कपाळाला हात लावला.

तर ही गंमत होती. एवढा अवाढव्य गेम, त्यांच्या नेटवर उतरायला दीड दिवस लागणार. आणि हा माणूस जेवायला उठला की बंद, आंघोळीला गेला की बंद. मध्येच वीज तोडली की उतरलेलं बिघडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

"मीटर उगाच फिरू देत नाही मी," काका खाली बघत म्हणाले.

मेमरीचा दोष नव्हताच. पहिल्या दिवशीच मी त्यांच्या घरी गेलो असतो तर काम झालं असतं. ते मला अजून खातं. बटणावर चिकटपट्टी लावून मी गेम उतरायला लावला.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बोलावलं. गेम उघडला होता. मुलगा दुपारीच गेलेला. स्क्रीनवर त्याचं गाव होतं, रस्ते रिकामे, एक तळं, आणि टोकाला एक लहान घर. घरावर पाटी होती, 'बाबांचं घर'. दाराशेजारी, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याने विजेचं मीटर बसवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'बाबा, रीडिंग घेऊन जा.'

काकांनी चष्मा वर सरकवला, खुर्ची पुढे ओढली. मीटरवरचे आकडे वाचले.

"शून्य," ते म्हणाले. "घर बंद."

मग डोळे पुसत पाणी प्यायला उठले. हात सवयीने बटणाकडे गेला, चिकटपट्टीला लागला आणि तसाच मागे आला. कॉम्प्युटर चालू ठेवून ते आत गेले.