अर्ध्या सेंटीमीटरचा ताठा

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी माझे पाय बाहेर आले आणि मग डोकं, आणि आमच्या मुरबाडकडच्या गावात एवढं भांडवल जन्मभर पुरतं. पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, असं तिकडे सगळे मानतात. त्यामुळे पाच वर्षांची असल्यापासून मी गावातल्या थोरामोठ्यांना रीतसर लाथा मारत आले. इतर पोरांचा मोठ्यांना चुकून पाय लागला तर त्यांना नमस्कार करावा लागायचा, मला लाथेबद्दल गुळाचा खडा मिळायचा. पुढे पुण्याला जाऊन दोन वर्षं अंगावर काम करण्याचं शिक्षण घेतलं, शहापुरात बियाण्यांच्या दुकानावरची खोली घेतली, प्रमाणपत्राला चौकट करून भिंतीवर टांगलं, तरी येणाऱ्यांतली निम्मी माणसं अजून आधी माझ्या पायांकडे बघतात.

माझं काम सांगायला मी कोंबडीची मदत घेते. कोंबडी सोलताना कातडी ओढली की खाली एक ओला, पांढरा पापुद्रा ताणला जातो. तसाच पापुद्रा आपल्यातही असतो, डोक्यापासून टाचेपर्यंत अखंड, प्रत्येक स्नायूला गुंडाळून बसलेला. वर्षानुवर्षं एकाच ढबीत वाकलं-बसलं की तो तिथे आखडतो, आणि मग अस्तर आटलेल्या ब्लाउजासारखं सगळं अंग एका बाजूला ओढलं जातं. मी बोटांनी, मुठीने, कोपराने तो हळूहळू मोकळा करते. तेल नाही, रगडणं नाही, एका जागी दाब ठेवून वाट बघायची. तेल नाही म्हटल्यावर माणसांचा निम्मा विश्वास तिथेच उडतो. उरलेला मी पाटावर चढते तेव्हा उडतो, कारण माझी उंची अशी की पाटाशिवाय माझं कोपर टेबलावरच्या माणसापर्यंत नीट पोचतच नाही.

आणि या कामात बोलावंही लागतं. भातसानगरचे एक काका पहिल्यांदा आले, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, सोडा. ते आणखी आखडले. मी म्हटलं, काका, सोडा, सगळं सोडून द्या. त्यांनी मोठा सुस्कारा टाकला, बनियनच्या आतून तंबाखूची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि घरच्यांनी तुम्हालाही सांगून ठेवलंय का, असं विचारलं. तेव्हापासून मी ‘सैल व्हा’ म्हणते. एका शब्दाने अंग कसं वागतं याचा धडा मला तेव्हाच मिळायला हवा होता, पण मी हसण्यात घालवला.

तर गेल्या पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावातून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बावीस वर्षांची, काटक, डोळे चमकदार. पोलीस भरतीला उतरलेली. धावण्यात तिला कोणी गाठत नव्हतं, गोळा ती असा फेकायची की मोजणारा मागे सरकायचा. पण मागच्या भरतीत धावण्याची पाळीच आली नाही. उंची अर्धा सेंटीमीटर कमी भरली आणि तिला फाटकातून बाहेर काढलं. भरती काही दरवर्षी निघत नाही. बापाने आता आणखी एकाच भरतीची मुभा दिली होती, ती हुकली तर पाहुणे बघायला येणार, असं ठरलं होतं. मुलगी हे सगळं पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगत होती.

अर्ध्या सेंटीमीटरसाठी त्या घराने काय काय केलं होतं! ती सकाळ-संध्याकाळ जांभळाच्या फांदीला लोंबकळत होती. खाली धाकटा भाऊ पाय धरून ओढत होता, एकदा फांदीच मोडली आणि दोघं शेणाच्या ढिगावर पडली. उशी बंद झाली होती. केसांचा बुचडा नेमका टाळूवर बांधून बघितला होता, पण तो दाबला की बसतो. आता उपाय उरला होता मी.

आईने माझ्या पायांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, “ताई, हिला अर्धा बोट लांब करा. पायान करा नायतर हातान करा.”

खरं तर मी सांगायला हवं होतं की हाडं काही माझ्याने लांब होत नाहीत. ते मी सांगितलंही, पण त्याआधी ‘होईल की’ म्हणून बसले होते. जीभ आमच्या घराण्यात पहिल्यापासूनच पुढे धावते. मग मुलीला उभी करून पाठीमागून बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. खांदे पुढे, छाती आत, मान कासवाने काढावी तशी पुढे काढलेली. ही मुलगी आखूड नव्हतीच, घडी घातलेली होती. घडी उलगडणं हे तर माझं कामच.

भिंतीला मी एक स्टीलची पट्टी उभी ठोकली, हवी त्या उंचीवर लाल रेघ मारली, आणि सुताराचा काटकोनी गुण्या डोक्यावर टेकवून तिचं माप घेतलं. लाल रेघेखाली अर्धा सेंटीमीटर. भरतीवाल्यांनी काही लबाडी केली नव्हती.

दर गुरुवारी त्या दोघी यायच्या. पहिल्या दिवशी बरगड्यांना हात लावला आणि मुलगी किंचाळून हसली. तिला गुदगुल्या इतक्या की बोट नुसतं जवळ नेलं तरी ती टेबलावर मासोळीसारखी उडायची. मी पाटावरून दोनदा खाली आले. मी गंभीर चेहरा केला, तो बघून तिला आणखी हसू, तिचं बघून मला, शेवटी मी टेबलाला धरून खाली बसले. पडद्याबाहेर बसलेल्या आईने डोकं आत घालून विचारलं की आपण एवढ्या लांब हसायला आलो का. पण हसून हसून त्या पोरीच्या बरगड्या आतून इतक्या मोकळ्या झाल्या की जे काम मी तीन आठवड्यांचं धरलं होतं ते एका तासात अर्धं झालं. हे मला पुण्यात कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी खरं काम केलं. छातीच्या वरच्या बाजूला, खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी. कोपर टेकायचं आणि थांबायचं. आधी काहीच होत नाही, मग खाली काहीतरी गूळ विरघळावा तसं सरकतं आणि आपलं कोपर आपोआप बोटभर पुढे जातं. या क्षणाला मला अजून वेड लागल्यासारखा आनंद होतो. चौथ्या गुरुवारी ती टेबलावरून उतरली, मी काही न बोलता गुण्या टेकवला, आणि तो लाल रेघेवर होता. पाचव्या गुरुवारी तर रेघेच्या वर. मी पाटावर उभी राहून नाचले. खालून दुकानदार ओरडला, वर काय पाडताय.

आणि मग मला हुशारी सुचली. म्हटलं, तालीम करू. मी भरतीची पोलीसबाई झाले, आवाज जाड केला आणि म्हटलं, “ताठ उभी रहा.” गुण्या खाली आला. लाल रेघेखाली, नेमका अर्धा सेंटीमीटर.

मला वाटलं माझा हात हलला. पुन्हा घेतलं. ‘उभी रहा’ म्हटलं की वर. ‘ताठ’ म्हटलं की तिचे खांदे पुढे यायचे, हनुवटी आत जायची, आणि पोरीला त्याचा पत्ताच नाही. मी सहा वेळा केलं. मग तिला विचारलं, मागच्या भरतीत तिथली बाई काय म्हणाली होती. ती म्हणाली, हेच.

हा शब्द तिने कुठे ऐकला होता ते विचारायची गरज नव्हती. तो मीही ऐकला होता. आमच्याकडे मुलीला ‘ताठ’ म्हणणं म्हणजे कौतुक नव्हे. लय ताठ झालीय, ताठा उतरवायला पायजे, सासरी असा ताठा चालायचा नाय. हंडा डोक्यावर असतो तेवढाच वेळ बाईने सरळ चालायचं, हंडा उतरला की मान खाली. या पोरीने चालताना छाती काढली की मागून तो शब्द यायचा, सगळ्यात आधी आईकडून, आणि तो आला की अंग मिटायचं. पंधरा वर्षांत अंग ते पाठ करून बसलं होतं.

मी तापले. मला राग आला की मी आधी बोलते आणि मग बघते कोणाला बोलले ते. पडदा सारून मी तिच्या आईला फाडफाड बोलले, की वहिनी, तुमच्या लेकीला अर्धा सेंटीमीटर देवाने कमी दिलेला नाही, तुम्ही घेतलाय. ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “लोकांनी बोलायच्या आदी मीच बोलायचे. माज्याकडून ऐकलेलं कमी लागतं, आसं वाटायचं.”

मला खूप लाज वाटली.

पण पोरीच्या अंगात बसलेलं हे काही माझ्या कोपराने निघणारं नव्हतं. ज्या आवाजाने घातलं त्यानेच काढायला हवं होतं. म्हणून मी आईलाच आत घेतलं, तिचा तळवा मुलीच्या दोन खांद्यांच्या मधे ठेवला, किती दाब द्यायचा ते दाखवलं. दाखवायचं तरी काय, भाकरी थापणारा हात तो, त्याला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, आता हात असाच ठेवून तो शब्द म्हणा, चांगल्या अर्थाने.

तिला तो येईचना. पहिल्यांदा आला तो चुलीपुढून ओरडल्यासारखा. दुसऱ्यांदा ती इतकं गोड बोलली की मुलगी वळून म्हणाली, आये, तुला बरं वाटत नाय काय. आम्ही तिघी पुन्हा हसायला लागलो. घरी जाऊन त्या रोज हे करायच्या, नाचणीच्या रानात पण. बांधावरून पुढे मुलगी, मागे हात लावून आई, आणि तोंडाने ‘ताठ, ताठ’. शेजारणीने विचारलं म्हणे, की बैल हाकतेस काय. महिन्याभरात गुण्या लाल रेघेवरून हलायचा थांबला, पण तो माझ्या खोलीत. बाहेर, अनोळखी आवाजापुढे काय होईल, हे आम्हा तिघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

भरती थंडीत निघाली. ठाण्याच्या मैदानावर मीही गेले, माझ्याकडे येणाऱ्या माणसांना लग्नाला जाते म्हणून सांगून. त्या दोघी फाटकाशी भेटल्या. आईने पोरीला एसटीत मागच्या बाकावर पूर्ण रस्ताभर आडवी झोपवून आणलं होतं, गाडीच्या हादऱ्यांनी उंची खाली बसेल म्हणून. कंडक्टरला सांगितलं होतं, पोर आजारी हाय. मी हसता हसता रडायची बाकी राहिले.

मुलगी आत गेली. आम्ही जाळीच्या कुंपणाला नाकं लावून उभ्या, आजूबाजूला आमच्यासारख्याच पन्नास आया. उंचीची पट्टी जाळीपासून वीसेक पावलांवर होती. माप भरलं की पोरी डावीकडे, धावायच्या मैदानाकडे जात होत्या. नाही भरलं की उजवीकडे, फाटकाकडे. तीन पोरी लागोपाठ फाटकाकडे आल्या.

तिची पाळी आली. ती पट्टीला टेकली. पोलीसबाई तिच्याकडे न बघता, दिवसभर म्हणून म्हणून सपाट झालेल्या आवाजात म्हणाली, “ताठ.” आणि मी बघितलं, पोरीचे खांदे हलले. पुढे यायला निघाले.

माझ्या शेजारून आवाज उठला. मला आधी कळलंच नाही तो कोणाचा.

“ताठ गो बाय! ताठ!”

आख्खी रांग वळली. पोलीसबाई वळली. पन्नास आया वळल्या. जी बाई लोकांच्या बोलण्याला भिऊन पंधरा वर्षं याच शब्दाने लेकीला दाबत आली होती, ती दोन्ही हातांनी जाळी हलवत मैदानभर ओरडत होती. आणि पट्टीला टेकलेली तिची पोर हसत होती, बरगड्या फुलवून, मान वर काढून, आणि तशीच उभी राहिली. पट्टीची दांडी डोक्यावर आली. पोलीसबाईने वाकून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि हाताने डावीकडे जा म्हणून खूण केली.

मी जाळीला धरून उड्या मारत होते, बाजूच्या कोणा बाईला मी मिठी मारली होती, ती कोण ते अजून मला माहीत नाही. तीच बाई मान लांब करून धावायच्या मैदानाकडे चाललेल्या पोरीकडे बघत म्हणाली, “लय ताठ हाय हो पोर तुमची.”

आईने जाळी सोडली नाही. म्हणाली, “हाय. मी सोता केलीय.”

या पोरीपायी चार महिने माझी दोन्ही कोपरं दुखत होती. ती मी जाळीला टेकवली आणि म्हटलं, हो वहिनी, तुम्हीच.